तरोट्याची उशी

तरोट्याचं बी ओंजळीत घेऊन हात हलवला की लांबच्या रानात पाऊस सुरू झाल्यासारखा आवाज येतो. मला तो आवाज इतका आवडतो की त्यापायी मी कामाच्या वेळेत चक्क खोटं बोलते. लातूरच्या एका जडीबुटीच्या आडतीवर मी नमुने तपासते. रानातून आलेला पाला, मुळ्या, साली, बिया यांची पोती आमच्याकडे उतरतात. त्यांत खडे किती, माती किती, ओल किती हे पाहून माल बरा की वाईट ते मी सांगायचं. दुपारी गोदामात ऊन तिरपं शिरतं, हमाल जेवायला बसतात, आणि मी तरोट्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून नुसती उभी राहते. कुणी विचारलं तर ओल बघते म्हणते. ओल बघायला दोन बोटं पुरतात, हे तिथं सगळ्यांना ठाऊक आहे.

तरोटा म्हणजे आमच्याकडे निव्वळ तण. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला, बांधावर, कब्रस्तानाच्या भिंतीलगत तो आपला आपण उगवतो. कोवळा असेपर्यंत बायका त्याची लसूण घालून भाजी करतात. मग त्याला पिवळी फुलं येतात, बारीक लांब शेंगा येतात, आणि त्यानंतर त्याच्याकडे कुणी बघत नाही. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. दिवस मावळला की तो आपली पानं जोडीजोडीनं मिटून घेतो आणि सकाळी परत उघडतो. लहानपणी संध्याकाळी त्याच्या जवळून जाताना मी कुजबुजत बोलायची, झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून.

आडतीवर नवीन असताना मी मालकांना विचारलं होतं, "एवढं तण जातं तरी कुठं?"

"चीनला," ते म्हणाले. "तिकडं ही डोळ्याची दवा हाय. भाजून चहावानी पितात. उशीत भरून त्यावर झोपतात. त्यांच्या भाषेत नावच तसलं हाय म्हणे, नजर साफ करणारं बी."

त्यांनी मला पोत्यावर लावायची एक चिठ्ठी दाखवली. तिच्यावर त्या लोकांची अक्षरं होती, चौकोनी, बारीक रेघांची. मी ती चिठ्ठी पुष्कळ वेळ हातात धरून बसले. ज्याला आम्ही पायानं बाजूला सारतो, त्याला कुठंतरी कुणी डोक्याखाली घेऊन झोपतं, ही गोष्ट मला स्वप्नात ऐकल्यासारखी वाटली. आणि लगेच मला अब्बा आठवले, कारण माझे अब्बा उश्या शिवतात आणि त्या दिवसांत त्यांचे डोळे काही ठीक नव्हते.

अब्बा बिलोलीचे पिंजारी. त्यांच्या लहानपणी घरात पिंजण होतं, लाकडाचं मोठं धनुष्य आणि त्याला ताणून बांधलेली तात. तिच्यावर ठोका मारत कापूस उडवायचा. आता कापूस मशीनवर पिंजून येतो आणि पिंजण भिंतीवर टांगलेलं आहे. गाद्या, लोड, उश्या भरणं आणि दाभणानं शिवणं मात्र अब्बांच्याच हातचं. अम्मी गेल्यापासून ते दुकानामागच्या खोलीत एकटेच राहत होते. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण मी मराठी शाळेत जायला लागले तशी अब्बांनी माझ्याशी मराठी धरली. दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलून बोलून ती त्यांच्या तोंडात बसलेलीच होती.

त्यांचा टाका असा की दोन टाक्यांमधून मुंगी जायची नाही. कापलेल्या दोऱ्याचे तुकडेही ते टाकत नसत. शिवण झाली की उशीवरून तळहात फिरवायचा, सुटा धागा लागला की उपटायचा आणि पत्र्याच्या एका डब्यात ठेवायचा. पिंजाऱ्याच्या घरात धागा वाया जात नाही, त्याची वात होते, नाहीतर पुरचुंडी बांधायला येतो. ही सवय अब्बांना इतकी जडलेली की लग्नकार्याला घालायच्या माझ्या कपड्यांवरूनही ते असाच हात फिरवायचे आणि मी चिडायची.

तर त्या अब्बांचा उजवा खांदा दाराच्या चौकटीला लागायला लागला. जाताना लागायचा, येताना लागायचा.

"अब्बा, खांदा कसा काय लागतो सारखा?"

"जुनी चौकट हाय. पावसानं फुगून राहिली."

"पाऊस कुठाय? थंडीचे दिवस आहेत."

"मंग थंडीनं फुगली असंल."

उत्तराला उत्तर देण्यात त्यांना कुणी हरवायचं नाही. पण बशीत कप ठेवताना तो कडेवर टेकायचा, डाव्या उजव्या बाजूनं कुणी आलं तर ते दचकायचे, आणि सारखे डोळे चोळायचे. मी लातूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांचा नंबर लावला, ईद झाल्यानंतरचा. आणि तोवर हातावर हात ठेवून कशाला बसायचं म्हणून आडतीवरून पाच किलो तरोटा विकत घेतला.

ती पिशवी मांडीवर घेऊन मी बिलोलीच्या एसटीत बसले. उदगीर गेलं, देगलूर गेलं, शेजारच्या बाया मराठीतून तेलुगूत शिरल्या. प्रत्येक खड्ड्यात मांडीवरचं बी सळसळायचं. मला पेंग आली, आणि डोळे मिटल्यावर वाटलं की आपण एसटीत नाही, ढगात बसलो आहोत. मी इतकी खूष होते की आता आठवलं तरी स्वतःचा राग येतो.

अब्बांनी बी हातात घेतलं, चोळलं, नाक मुरडलं. "तरोटा? उशीत? माझ्या हातनं कापूस सोडून काही गेलं न्हाई आजवर."

"चीनमध्ये लोक यावर झोपतात अब्बा. नजर साफ होते."

"चीनमधी कापूस न्हाई का पिकत?" असं म्हणाले खरे, पण रागानं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी पाणी तापवायला ठेवलं. त्यांचा एक नियम होता. जुनी खोळ असो की कुणी आणलेला जुना कपडा, उशीला लागेल ते आधी उकळत्या पाण्यातून काढायचं. "जिवंत काही जाऊ द्यायचं न्हाई आत. कीड जाती, मंग माणसाच्या कानात जाती." त्यांनी बियांवर उकळतं पाणी ओतलं, जरा वेळानं उपसलं, आणि आम्ही दोघांनी ते गच्चीवर जुन्या धोतरावर पसरलं. तीन दिवस कडकडीत ऊन दिलं. रोज बिया पारखून पोट भरणारी मी, त्यांच्यासोबत ते बी वरखाली करत होते आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही.

मग त्यांनी मांजरपाटाची खोळ घेतली, बी भरलं, दाभण घेऊन तोंड शिवलं. ते टाके मी पाहिले. दोन टाक्यांत करंगळी जाईल एवढं अंतर होतं, काही ठिकाणी तर टाका कडेबाहेरच पडला होता. मी स्वतःला सांगितलं की बी जाड आहे, कापसासारखं बाहेर येत नाही, म्हणून लांब टाका घातला असेल. माणूस स्वतःला काय काय सांगतो.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "बेटा, फरक हाय."

"खरंच?"

"लई साफ दिसून राहिलं. समोरच्या लिंबावर राघू येऊन बसलेले, चोची लाल, गळ्याचं कडं बी दिसलं. मशिदीच्या मनोऱ्यावरचं कबूतर दिसलं, पाय झाडून राहिलं होतं."

माझा जीव भांड्यात पडला. त्यानंतर दर जुम्म्याला ते फोन करायचे आणि काय काय दिसलं ते सांगायचे. तळ्याच्या पाण्यावरची वाऱ्याची रेघ. एका लग्नाच्या मांडवातली हिरवी झालर. अब्बा इतकं बोलणारे नव्हते कधी, आणि रंगांविषयी तर नाहीच. मी गोदामाच्या पायरीवर बसून डोळे मिटून ऐकायची आणि मला ते सगळं दिसायचं. ईद झाली. दवाखान्याची तारीख आली तेव्हा अब्बा म्हणाले, "कशाला उगंच? चांगलं दिसून राहिलं की," आणि मी नंबर रद्द केला. त्यांनी रद्द केला नाही. मी केला.

उन्हाळ्यात त्यांचे डोळे जळजळायला लागले. त्यावर आमच्या घरचा इलाज ठरलेला. नव्या पिंजलेल्या कापसाचे दोन बोळे गुलाबपाण्यात भिजवायचे आणि दुपारी डोळ्यांवर ठेवून पडायचं. ते रोज तसं करत होते. फोनवर सांगायचेही, बोळे थंडगार लागतात, पाणी कानशिलावरून मागं उतरतं, उशी सळसळते आणि झोप कधी लागली ते कळत नाही. ऐकूनच मला झोप यायची.

आषाढात मला चार दिवसांची सुट्टी मिळाली. रस्त्याच्या दोन्ही कडांना तरोटा उगवला होता, दोन दोन पानांचा. मी बिलोलीला उतरले आणि दुकानासमोर आल्यावर माझे पाय थांबले. समोर लिंब नव्हता. कसा असेल? रस्ता रुंद केला तेव्हाच तो तोडला होता, तीन पावसाळे झाले होते, आणि तोडताना मी तिथं उभी होते. राघूंचं ऐकताना हे मला एकदाही आठवलं नव्हतं.

मागच्या खोलीत उजेड कमी असतो. अब्बा खाटेवर उशी मांडीवर घेऊन बसले होते आणि तळहातानं तिची शिवण चाचपत होते. खोलीत ओलसर, आंबूस वास होता. माझी चाहूल लागली तसे ते हसले.

"आलीस? बघ की, ह्या उशीला धागे किती सुटून राहिले. रोज उपटतो, रोज येतात. दोरा खराब दिला दुकानदारानं."

मी जवळ गेले. शिवणीच्या लांब लांब टाक्यांमधून ओळीनं कोंब बाहेर आले होते. अंधारात वाढलेले, पांढुरके, बारीक, आणि प्रत्येकाच्या टोकाला दोन फिकट पिवळी पानं. अब्बांनी एक उपटला आणि शेजारच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. डबा निम्मा भरला होता. तळाला सुकलेले, वर ताजे.

मी खाली बसून डबा मांडीवर घेतला आणि त्यातले कोंब बोटांनी मोकळे करत राहिले. किती दिवस, किती दुपारी हा माणूस पानं असलेले धागे उपटत होता.

"अब्बा, हे धागे नाहीत. बी उगवलंय."

त्यांचा हात थांबला. एक कोंब त्यांनी चिमटीत धरला, टोकापर्यंत बोट नेलं, पानं लागली. मग त्यांनी हळूच हात काढून घेतला.

"लिंबावरचे राघू कुठं दिसले तुम्हाला?" मी विचारलं.

"सपनात." ते जमिनीकडे बघत होते. "त्या उशीवर पडलो की सपनं लई साफ पडतात बेटा. खोटं न्हाई बोललो मी. दिसलं तेच सांगितलं."

"मग सपनात दिसलं म्हणून का नाही सांगितलं?"

"तू एवढ्या लांबून मांडीवर घिऊन आलतीस. फरक न्हाई म्हनायला तोंड उघडंना."

त्यांच्यावर ओरडावं असं मला वाटलं, आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं, आधी ओरडले.

लातूरच्या त्याच दवाखान्यात दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा गेलेला होता. डाव्यात मधोमध थोडं शिल्लक होतं, दाभणाच्या नेढ्यातून दिसावं एवढं. गेलेलं परत येत नाही, म्हणाल्या, पण थेंब नेमानं घातले तर उरलेलं राखता येईल. मी उशीचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. उशीनं डोळे बिघडले नाहीत, म्हणाल्या, नुसता वेळ गेला. ईदनंतर लगेच आलो असतो तर? मी विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं, की अजून थोडं उरलं असतं. निघताना माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हा आजार घरात उतरतो. तुम्हीही दरवर्षी डोळे तपासा." मी मान हलवली.

आडतीच्या मालकांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, भाजून भरतात! कच्च्या तरोट्याचं टरफल दगडावानी असतं. उकळतं पाणी घातलं की ते सैल होतं, मंग जराशी ओल लागली की उगवलंच म्हणून समज. हे तुला ठावं न्हाई?" मला ठाऊक असायला हवं होतं. किडा मरावा म्हणून अब्बांनी ओतलेल्या पाण्यानं बी जागं झालं आणि गुलाबपाण्यानं ते वाढलं. मला अजूनही त्या डब्याची स्वप्नं पडतात.

दुकान बंद करून अब्बा माझ्याकडे लातूरला आले. येताना ती फुटकी उशी त्यांनी सोडली नाही. व्हरांड्यात तेलाच्या एका जुन्या डब्यात माती भरून उशीतलं उरलेलं बी त्यात टाकलं. पंधरा दिवसांत डबा हिरवागार झाला. अब्बा खुर्ची टाकून शेजारी बसतात. दिवस मावळायच्या बेतात आला की पानांना हात लावून बघतात. मिटायला लागली असली की उठून नमाजाआधीच्या वजूला जातात. दोनदा तर अजान ते उठल्यानंतर झाली.

मी त्यांना नेमानं थेंब घालते. घड्याळ लावून, डोळ्यात तेल घालून सांभाळते म्हणायला हरकत नाही. स्वतःचा नंबर मात्र मी दोनदा लावला आणि दोनदा रद्द केला. आडतीवर माल यायचे दिवस आहेत, हे एक कारण. सुट्टी नाही, हे दुसरं. खरं कारण असं की मला संध्याकाळी दिव्यांभोवती कडी दिसायला लागली होती, चाळणीच्या कडेचे खडे नजरेतून निसटायला लागले होते, आणि मला भीती वाटत होती. अब्बांना मी काही सांगितलं नव्हतं. पण घरात माझ्या हातून कप फुटला की तो आवाज त्यांना ऐकू येतो.

थंडीत नवीन तरोटा बाजारात आला तेव्हा अब्बा म्हणाले, "पाच किलो आण. ह्या टायमाला मी भाजतो." त्यांनी कढईत तो थोडा थोडा भाजला. घरभर कॉफीसारखा खमंग वास सुटला. मग नवी खोळ, नवं दाभण. आता ते डोळ्यांवर विसंबत नाहीत. घातलेल्या टाक्यावर डाव्या हाताचं बोट ठेवतात आणि त्याला लागून पुढचा टाका घालतात. त्या उशीचं तोंड शिवायला त्यांना अख्खा दिवस लागला. मी हात फिरवून पाहिलं, मुंगी जायची नाही.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी."

त्या उशीवर डोकं टेकलं की खरंच पाऊस लांबून जवळ येतो. मला बिलोली दिसली. दुकानासमोर लिंब उभा होता आणि त्याच्यावर राघू होते, गळ्यातलं कडं दिसावं इतके स्पष्ट. खाली अम्मी तरोट्याची कोवळी पानं खुडत होती. तिच्या हातातली एकेक शीर मला दिसत होती, आणि ती पानं खुडता खुडता मिटत होती, उघडत होती.

सकाळी अब्बा पलंगाच्या कडेला येऊन बसले होते. "काय दिसलं?"

मी सगळं सांगितलं. अम्मीचंही सांगितलं. ते मन लावून ऐकत होते.

"मंग? फरक हाय?"

एवढं दिवसभर खपून त्यांनी शिवलेली उशी माझ्या हाताखाली होती. "हाव अब्बा," मी म्हणाले. "लई फरक आहे."

त्यांनी उशीवरून तळहात फिरवला, सवयीनं, सुटा धागा शोधत. एकही सापडला नाही.

"मीबी असंच म्हनलो होतो," ते म्हणाले. "ऊठ. आज तुझा नंबर हाय दवाखान्यात. काल शेजारणीकडून फोन लावून घेतला मी. तुझ्या मालकाला बी सांगितलं."

मी काहीतरी बोलायला गेले, पण ते काठी घेऊन उभे राहिले होते. मी तोंड धुतलं, ओढणी घेतली. दारातून बाहेर पडताना माझा खांदा चौकटीला लागला. फार जोरात नाही, पण आवाज झाला. अब्बा एक पायरी उतरले होते, ते तिथंच थांबले.

"चौकट फुगली असंल," ते म्हणाले, आणि मागे हात करून माझा हात घट्ट धरला.